घाट उतरणारी टोपली : नाताळच्या घरगुती भेटीचा आढावा

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीला पंधरा दिवसांचा अवकाश असताना, जव्हारच्या बाजाररस्त्यावर एका वयस्क वारली बाईपुढे मांडलेल्या बांबूच्या ढिगातून मी अकरा टोपल्या निवडल्या. वीतभर रुंदीच्या, तळाशी चौकोनी आणि तोंडाशी गोल होत गेलेल्या, काठाला दुहेरी वळ दिलेल्या अशा त्या टोपल्या होत्या. त्यांचा रंग अद्याप हिरवट होता आणि नाकाशी नेल्या असता ओल्या गवताचा वास येत होता. पैसे कनवटीला लावता लावता बाई म्हणाली, "ओली आहे अजून. आठ-दहा दिवस सावलीत टांग, मग काय ते भर." तिच्या बोलीत लहानथोर सर्वांनाच एकवचनी संबोधतात, त्यामुळे त्या आज्ञेत मला आपुलकी वाटली, परंतु आपुलकी वाटणे निराळे आणि सांगितलेले ऐकणे निराळे. त्या टोपल्यांचे पुढे काय झाले, ते यथावकाश सांगेन.

प्रश्न साधा होता. वसईत, मुंबईत आणि नाशकात मिळून आमच्या घराण्याशी दोन पिढ्यांचा स्नेह असलेली अकरा ख्रिस्ती घरे आहेत. त्यांच्याकडून दर नाताळात येणाऱ्या ताटाची परतफेड आम्ही इतकी वर्षे दुकानातून आणलेल्या वस्तूंनी करीत आलो होतो. आणि पेन्शनच्या बेतात बसेल अशा रकमेत, स्वतःच्या हातचे काही घालून, देताना संकोच वाटू नये अशी भेट तयार करता येते किंवा नाही, याचा एकदाचा निकाल लावावा असे घरात ठरले. जव्हार-मोखाड्याकडे माझे येणे-जाणे जुने असल्याने कच्चा माल तेथूनच आणावा ही तजवीजही आपोआपच झाली. हा आढावा त्या दोन वर्षांच्या अनुभवावर, आणि त्या निमित्ताने जे वाचनात आले त्यावर, आधारलेला आहे.

प्रथम दुकानी मालाची झडती घेऊ. इंग्रजीत ज्यास हॅम्पर म्हणतात तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला असून त्याचा मूळ अर्थ पेले ठेवण्याची पेटी असा होता. म्हणजे आतील वस्तूपेक्षा पेटीला महत्त्व देण्याची खोड त्या शब्दाला जन्मतःच जडली असावी. आमच्याच घरी आलेली अशी एक पेटी मी पंचनामा करणाऱ्या कारकुनाच्या तटस्थतेने उकलली. वर चकचकीत पारदर्शक कागद, त्याखाली सोनेरी फीत, मग पुठ्ठ्याचे झाकण, झाकणाखाली कातरलेल्या रंगीत कागदाचे गवत, त्या गवताखाली माल पुष्कळ आहे असा भास व्हावा म्हणून उचलून धरलेला खोटा तळ, आणि या सर्व तटबंदीच्या आत बोटभर उंचीची मुरंब्याची बाटली, मोजून चार बिस्किटे, तीन चॉकलेटे आणि एक मेणबत्ती. माझ्या अजमासाने निम्म्याहून अधिक पैसा आवरणावर गेला होता, आणि आवरण दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेले. काटकसरीचा विचार करणाऱ्याने पहिला धडा येथेच घ्यावा.

परंतु भेटीची टोपली ही काही दुकानदाराची कल्पना नव्हे. इंग्रजी अमलात, विशेषतः उत्तर हिंदुस्थानात, 'बड्या दिना'च्या सकाळी साहेबाच्या बंगल्यावर डाली पाठविण्याचा दस्तूर होता. फळे, भाजी, फुले, मिठाई अशा जिनसा तबकात किंवा टोपलीत मांडून मक्तेदार, जमीनदार आणि बढतीची आशा असलेले कारकून रांगेने उभे राहत. साहेब हात लावून ती 'स्वीकारल्यासारखी' करी, आणि सरकारी नोकरांनी भेटी घेऊ नयेत असे नियम झाल्यावरही फळफुलांच्या डालीकडे पुष्कळ काळ कानाडोळा होत राहिला. ही डाली दिसायला भेट, पण प्रत्यक्षात नजराणा होती. ती नेहमी खालून वर जाई. आमच्याकडील दिवाळीची पोस्त याच्या नेमकी उलट, वरून खाली येणारी. या दोहोंतही देणारा व घेणारा एका पायरीवर नसतात.

एका पायरीवरच्या देवाणघेवाणीचे नाताळातील उदाहरण पाहावयाचे तर गोव्यात जावे लागते. तेथील ख्रिस्ती घरांत डिसेंबरात नेवऱ्या, दोदोल, बात, कुलकुल, पेरूचे पेराड इत्यादी जिनसांचा कुस्वार सिद्ध होतो आणि त्याची ताटे शेजारीपाजारी, धर्माची विचारपूस न करता, पोहोचविली जातात. या पाठवणीस कोन्सुआद म्हणतात. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल तेथे गोडधोड करीत नाहीत, परंतु अशा घरी शेजाऱ्यांची ताटे अगत्याने जातात. हा शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण ज्यास परतफेड करणे शक्य नाही त्यास देताना देणाऱ्याचा हिशेबी स्वभाव गळून पडतो. आपल्याकडील संक्रांतीचे वाण आणि दिवाळीच्या फराळाचे ताट हे याच कुळातील होत. रिकामे ताट परत पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा संकेत मराठी घरांत हिंदू-ख्रिस्ती भेद न मानता चालत आलेला आहे.

आता मुलूख. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांचा. काजू हाही त्यांचाच, ब्राझीलहून आणलेला. आणि पेरू हे नावही बहुतकरून त्यांच्याच 'पेरा' या शब्दाचे अपत्य. म्हणजे सण, सुकामेवा आणि फळ ही तिन्ही जवळपास एकाच गलबतातून उतरली असे म्हणावयास हरकत नाही. गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली तो तह २३ डिसेंबर १५३४ चा, म्हणजे नाताळच्या दोनच दिवस आधीचा. आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा सत्ता गेली, परंतु सण, फळझाडे आणि मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज मागे राहिला. ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याच वसईचे. त्या वसईच्या पाठीशी, सागरापासून सह्याद्रीपर्यंत चढत गेलेल्या त्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार आणि मोखाडा हे दोन डोंगरी तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. त्यापूर्वी हे सारे ठाणेच होते, आणि त्याहीपूर्वी जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, तर मोखाडा हा इंग्रजी मुलखातील शहापूर तालुक्याचा पेटा होता. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी ही येथील मुख्य प्रजा. डोंगरउताराची वरकस जमीन, पावसाळ्यात अतिवृष्टी आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैलाची पायपीट, हे येथील अर्थशास्त्र.

या भागाचे नाव शहरात एकाच संदर्भात निघते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि तेव्हापासून 'जव्हार-मोखाडा' हा जोडशब्द उच्चारताच ऐकणाऱ्याचा हात खिशाकडे जातो. दिवाळीच्या सुमारास मुंबई-ठाण्याहून फराळ, घोंगड्या आणि वापरलेले कपडे घेऊन गाड्या घाट चढतात. सरकारनेही मध्यंतरी टोपल्या भरल्या. २०२० मध्ये खावटी अनुदान म्हणून आदिवासी कुटुंबामागे ४००० रुपये मंजूर झाले, त्यांपैकी निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. २०२२ च्या दिवाळीत रेशन दुकानांतून 'आनंदाचा शिधा' आला, त्यात १०० रुपयांत रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल होते. काटकसरीच्या हॅम्परचा याहून स्वस्त नमुना मला ठाऊक नाही, आणि अडल्या घराला त्याचा आधार झाला हेही मी नाकारीत नाही. मात्र या सगळ्या टोपल्या घाट चढतात. उतरणारी टोपली क्वचितच दिसते. उतरतात ती माणसे.

ही माणसे कशी उतरतात, हा टोपलीच्या प्रश्नाशी असंबद्ध विषय वाटेल, परंतु तसा तो नाही. भाताची आणि नागलीची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की पाड्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे पोराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीमालकाची उचल बहुधा त्याआधीच, सणासुदीच्या अडीअडचणीत, घेतलेली असते. उचल घेतली की हात बांधले गेले. त्यामुळे होते असे की, डिसेंबरात वसईच्या एखाद्या सुखवस्तू घरी बांबूची टोपली हवीशी वाटते, तेव्हा ती विणू शकणारे हात त्याच वसईच्या पूर्वेला विटांचा चिखल तुडवीत असतात. नोव्हेंबरअखेर टोपल्यांसाठी जव्हारला जाणाऱ्याच्या पदरी म्हणूनच निराशा येते, किंवा दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यातून आलेला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा माल येतो. मी पहिल्या वर्षी योगायोगाने लवकर गेलो, दुसऱ्या वर्षी जाणूनबुजून गेलो.

जिनसांच्या बाबतीत हंगाम आपल्या बाजूचा आहे. नागली, जिला खाली नाचणी म्हणतात, ती दिवाळीच्या आगेमागे खळ्यावर येते. वरईही त्याच सुमारास. नागलीचा केंद्राने ठरविलेला हमीभाव २०२४-२५ साली क्विंटलला ४२९० रुपये होता, म्हणजे किलोस त्रेचाळीस रुपयांच्या आत; शहरात तिचेच पीठ सुबक पिशवीत भरून कोणत्या भावाने विकतात ते वाचकांनी स्वतःच पाहावे. काजू मात्र उन्हाळ्यातला. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापलेल्या 'बाएफ'च्या वाडी कार्यक्रमातून जव्हारच्या उतारांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या, कुंपणाशी मोगरा लागला आणि तो दादरच्या फुलबाजारात जाऊ लागला. भेटीसाठी अख्खा पांढरा काजू घेण्याचा अट्टाहास धरू नये. पाकळी किंवा तुकडा घ्यावा, चव तीच राहते आणि किंमत पुष्कळच उतरते.

मोहाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या टोपलीत शोभण्याजोगा, स्वस्त आणि या मातीचाच म्हणावा असा त्याच्यासारखा दुसरा जिन्नस नाही, आणि त्याच्याइतका छळही दुसऱ्या कोणत्या फुलाच्या वाट्यास आलेला नाही. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. ऊन चढण्यापूर्वी बायका-मुले ती वेचतात आणि अंगणात वाळवतात. वाळलेले फूल मनुकेसारखे आक्रसते आणि मनुकेसारखेच गोड लागते. त्यातून दारू निघते, आणि दारू निघते म्हणून अबकारीचे उत्पन्न बुडते. यास्तव १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा करून फुले गोळा करणे व बाळगणे यांवर निर्बंध घातले. ज्यांच्या पोरांना चैत्र-वैशाखात तीच फुले उकडून खाऊ घालावी लागत, त्यांचे अन्नच एका फर्मानाने संशयित ठरले. निर्बंधांची ही परंपरा स्वराज्यातही रेंगाळली; मे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठविणे आणि त्यांची वाहतूक यांवरील बंधने उठविली. वाळलेल्या मोहफुलांचा किमान आधारभूत भाव २०२० साली किलोला १७ रुपयांवरून ३० वर गेला होता. ३० रुपये किलोचा सुकामेवा दुसरा कोणता असेल तर मला कळवावे.

मोहाचा लाडू करण्याची रीत मी एका घरी ओट्यावर बसून पाहिली. वाळली फुले सुपात घेऊन तळहाताने हलकेच रगडतात, म्हणजे आतले केसर सुटतात. ते पाखडून टाकले नाहीत तर लाडूस कडवट चव येते आणि घशात खवखवते. मग दोनदा धुवायची, पुन्हा कडकडीत उन्हात घालायची, आणि लोखंडी तव्यावर मंद आचेने भाजायची. भाजताना गुळाची काकवी करपू लागावी तसा वास सुटतो, त्या क्षणी उतरवायची. उखळात कुटलेले हे मोह, तितकेच भाजलेले तीळ किंवा शेंगदाणे आणि थोडा गूळ एकत्र केला की पाक न करताच लाडू वळतो. पहिल्या वर्षी आम्ही 'उन्हात घालायची' ही पायरी वेळेअभावी गाळली, ओल्या टोपल्यांत हे ओलसर लाडू भरले, वरून कागद घट्ट बांधला, आणि चौथ्या दिवशी उघडून पाहिले तो अकरापैकी सात टोपल्यांच्या तळाशी पांढरी बुरशी धरलेली. बाजारातली बाई मला तेव्हा आठवली.

त्या साली नागलीच्या नानकटाईनेही दगा दिला. नागलीस गव्हासारखा चिवटपणा नसतो, ही गोष्ट प्रत्येक सुगरणीस ठाऊक असते, परंतु उत्साहाच्या भरात आम्ही निव्वळ नागलीची नानकटाई केली. घाटातील वळणे आणि रस्त्यावरील खड्डे यांतून ती प्रवास करून आली तेव्हा तिची भुकटी झाली होती. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी ती दुधात कालवून खाल्ली आणि 'सत्त्व उत्तम आहे' असा अभिप्राय कळविला. दुसऱ्या वर्षी दोन भाग वस्त्रगाळ नागली व एक भाग कणीक घेतली, पीठ आधी कोरडेच खमंग भाजले, आणि वाळू तापवलेल्या कढईत झाकण ठेवून नानकटाई भाजली, ती टिकली. प्लम केकच्या वाटेला आम्ही गेलो नाही, पण जाणाऱ्याने मनुकांऐवजी मोहफुले वापरून पाहावीत. केरळात तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापूने १८८३ साली मर्डॉक ब्राऊन साहेबाच्या मागणीवरून नाताळचा केक केला, तेव्हा फ्रेंच ब्रँडी न वापरता काजूच्या बोंडाची स्थानिक दारू वापरली अशी आख्यायिका सांगतात; म्हणजे घरचा पर्याय शोधणे हे या सणाच्या भारतीय परंपरेस धरूनच आहे.

खालच्या पट्टीतील एक जिन्नस मी आवर्जून घालतो, ती म्हणजे वसईची सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवितात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतात. वसईच्या घरी सुकेळी पाठविणे म्हणजे उलटे बांबू बरेलीला धाडणे, असा आक्षेप आमच्या घरातून आला आणि तो मान्य करून वसईच्या टोपल्यांत सुकेळीच्या जागी अर्धा किलो वरई घातली; नाशिककरांना मात्र सुकेळीच गेली. पेरूची वडी घरी केली. मध अल्प प्रमाणात मिळाला तर घ्यावा, पण 'जंगलचा' म्हणून विकला जाणारा सर्वच मध जंगलाने पाहिलेला असतो असे नाही.

टोपली आणि तिची सजावट यांविषयी दोन गोष्टी. बांबू हा वनस्पतिशास्त्राने गवत असूनही कायद्याने वृक्ष होता. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन तो त्या व्याख्येतून वगळला गेला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याची गणना वननिवासींच्या मालकीच्या गौण वनोपजांत केलेली आहेच. खासगी बांधावरचा बांबू तोडून विकण्यातील कटकट त्यामुळे पुष्कळ कमी झाली. जुनी माणसे कृष्णपक्षात, पावसाळा ओसरल्यावर, पक्का झालेला बांबूच तोडतात. कोवळ्या बांबूच्या टोपलीस महिन्याभरात भुंगा लागतो आणि खाली पिवळसर भुकटी साचू लागते. घेताना टोपली उलटी करून तळावर टिचकी मारावी, कामट्यांची टोके आत वळवली आहेत की नाहीत ते बोट फिरवून पाहावे, एवढी परीक्षा पुरे.

दुसरी गोष्ट वारली चित्रांची. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवासिनींची ही कला १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, आणि आज ती पेल्यांवर, पडद्यांवर, साबणाच्या वेष्टनांवर यंत्राने छापली जाते. काटकसरीच्या नावाखाली असा छापील कागद टोपलीवर डकवू नये. चित्र हवे असेल तर तळहाताएवढ्या जाड कागदावर, एखाद्या शिकणाऱ्या मुलाकडून का होईना, हाताने काढवून घ्यावे आणि त्याचे पैसे द्यावे. नसेल परवडत तर चित्राशिवाय टोपली वाईट दिसत नाही. लग्नाच्या चौकातील पालघट देवीला बिस्किटांच्या झाकणावर बसविणे मला तरी रुचत नाही. आवरणासाठी पळसाच्या पानांचे द्रोण, खाकी कागद आणि सुतळी पुरेशी होते. वर्तमानपत्राचा कागद मात्र तेलातुपाच्या जिनसांना लावू नये, त्याची शाई अन्नात उतरते.

हिशेब. दुसऱ्या वर्षी माझ्या वहीत एका टोपलीमागे पडलेला खर्च असा : टोपली ९० रुपये, नानकटाईचे पीठ, तूप, साखर मिळून ५५, मोहाचे सहा लाडू ३०, शंभर ग्रॅम काजूपाकळी ८०, पेरूची वडी २५, सुकेळी किंवा वरई ४०, द्रोण, कागद, सुतळी १०, वाहतूक २०. एकूण ३५०. यात घरच्या बायकांची तीन दिवसांची मेहनत धरलेली नाही, आणि कोणी 'घरगुती भेट स्वस्त पडते' असे ठासून सांगू लागला तर ही न धरलेली रक्कम प्रथम मोजावी. टोपलीचे ९० रुपये पाहून एका स्नेह्याने विचारले की, हीच टोपली घासाघीस करून ५० ला मिळाली नसती काय. मिळाली असती. परंतु बांबू आणणे, चिरणे, कामट्या काढून तासणे आणि विणणे यांत निम्मा दिवस जातो, आणि पाच जिनसांऐवजी चार घालून जी बचत होते ती विणणारीच्या मजुरीतून काढण्याचे कारण मला दिसत नाही. टोपली ही या भेटीतील एकच वस्तू अशी आहे की जी ईस्टरलाही घरात असते. वसईच्या एका घरी ती आता अंड्यांसाठी वापरतात, नाशकात तीत लसूण असतो.

ज्यांना हे सर्व घरी करणे शक्य नाही त्यांच्यासाठी वाट बंद नाही. जव्हारला १९७२ पासून काम करणारी वसंतराव व सुनंदाताई पटवर्धनांची प्रगती प्रतिष्ठान ही संस्था आहे, दोन्ही तालुक्यांत महिला बचत गट आहेत, मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गटांचा माल येतो. तयार खाद्यपदार्थ विकत घेताना अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालची नोंदणी आहे का एवढे विचारावे. घरगुती उत्पादकासही ती लागते, आणि अलीकडे पुष्कळ गटांनी ती घेतलेली असते. तयार माल घेण्यात कमीपणा नाही, मात्र मग त्यास 'घरी केलेले' म्हणू नये.

राहता राहिली वेळ, आणि या सर्व प्रपंचात पैशापेक्षा तीच अधिक निर्णायक ठरते. भट्टीची उचल ज्या दिवसांत दिली जाते त्याच दिवसांत टोपल्यांची तसलमात दिली, तर निदान एखाद्या घरातील एखादी बाई दिवाळीनंतरचे काही आठवडे पाड्यावर राहून विणू शकते. अकरा टोपल्यांनी एकही भट्टी ओस पडत नाही, हे मला ठाऊक आहे, परंतु अकराच्या एकशे दहा झाल्या तर काय होते हे कोणी करून पाहिलेले नाही. यंदाच्या नाताळासाठी ज्यांना टोपल्या हव्या असतील त्यांनी दसऱ्यापूर्वी जव्हार किंवा मोखाडा गाठावे, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, टोपल्या दिवाळीच्या आत ताब्यात घेऊन दहा दिवस सावलीत टांगाव्यात. त्यानंतर विणणारे बहुधा घरी नसतात.